जाहिरातींतली माणसाळलेली जनावरं

१९५६च्या नाताळात ब्रिटिश प्रेक्षकांनी टीव्हीवर एक चहापान पाहिलं. टेबलाभोवती चिंपांझी, अंगात माणसांचे कपडे, हातात कपबश्या आणि मागून आवाज विनोदी नट पीटर सेलर्सचा. जाहिरात होती ब्रूक बाँडच्या पीजी टिप्स चहाची. ही कंपनी आपल्याकडे 'रेड लेबल'मुळे घरोघर पोचलेली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात चिंपांझींच्या चहापार्ट्या आधीपासूनच भरत. कल्पना तिथूनच उचलली. त्या चिंपांझींनी चार दशकांहून जास्त काळ चहा खपवला. किंमतही त्यांनीच मोजली. माणसांत वाढलेल्या त्या जनावरांना पुढे स्वतःच्या जातीत मिसळणं जड गेलं, हे ती पाळणाऱ्या ट्वायक्रॉस प्राणिसंग्रहालयानेच नंतर खेदाने मान्य केलं.

जनावराला बोलतं करायची हौस त्याहून जुनी. १९४१मध्ये टेक्स एव्हरी आणि जेरी फेअरबँक्स यांनी अमेरिकेत लघुपटांची एक मालिका सुरू केली. गायी-घोडे खरे, चित्रीकरण खरं, फक्त तोंडावर हाताने काढलेलं हलतं तोंड चिकटवलेलं. लोक हसले, कारण जोड उघड दिसत होता. तो दिसू न देणं हे पुढच्या पिढ्यांचं काम झालं. १९९५च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, गाजलेले बडवायझरचे तीन बेडूक स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओत बनलेले यांत्रिक बाहुले होते. बिअरच्या नावाचे तीन तुकडे पाडून प्रत्येकाने एकेक डरावायचा, एवढंच त्यांचं संभाषण.

पण त्याआधीच, फेब्रुवारी १९९३मध्ये, कोका-कोलाची ध्रुवीय अस्वलं अवतरली होती. उत्तरेच्या आकाशात प्रकाशाचे पडदे हलतायत आणि अस्वलं बर्फावर बसून, थिएटरात बसावं तशी, कोक पीत ते बघतायत. कल्पना जाहिरातकार केन स्टुअर्ट यांची. त्यांच्या घरचं लॅब्राडॉरचं पिल्लू अस्वलाच्या पिल्लासारखं दिसायचं, तिथून ती सुचली. संगणकावर काम केलं लॉस एंजेलिसच्या 'रिदम अँड ह्यूज' या स्टुडिओने. अॅनिमेटरांनी खऱ्या अस्वलांच्या फिल्म आणि फोटो पाहून मान कशी वळते, वजन कसं एका पायावरून दुसऱ्यावर जातं याचा अभ्यास केला. अशा एका जाहिरातीला बाराएक आठवडे लागत.

केस ही संगणकाची जुनी डोकेदुखी. गुळगुळीत गोळा त्याला चटकन जमतो, पण लाखो केसांवर पडून आत मुरणारा उजेड मोजायचा कसा? १९८९मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या जेम्स काजिया आणि टिमोथी के यांनी एक वाट दाखवली. केस एकेक करून न रेखाटता सगळी लव धुक्यासारखा एक दाट थर मानायची आणि त्यातून उजेड किती पार होतो ते काढायचं. नमुन्यादाखल त्यांनी काढलेलं चित्र टेडी बेअरचं होतं. असं संशोधन बाजारात उतरायला तीस सेकंदांची जाहिरात सोयीची. कालावधी कमी, पैसा पुरेसा, आणि पांढरं जनावर पांढऱ्या बर्फावर, तेही रात्री. तंत्राच्या कितीतरी उणिवा त्या अंधाराने पोटात घातल्या असणार, असं आज ती जाहिरात पाहताना वाटतं.

त्या अस्वलांचं शहाणपण मात्र केसांत नव्हतं. ती बोलत नाहीत. हुंकारतात, सुस्कारतात, बाटली पंजात धरतात. अस्वलात माणूस किती मिसळायचा, याचा अंदाज कोणीतरी नेमका बांधला होता.

बोलायचं ठरवलं की अडचणी रांगेने येतात. आपल्या व्याकरणात प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण. ओठ मिटल्याशिवाय ते उमटत नाहीत. कुत्र्याच्या किंवा डुकराच्या लांब मुस्कटाला ते मिटणं जमायचं कसं? १९९५च्या 'बेब' चित्रपटात याच 'रिदम अँड ह्यूज'ने खऱ्या डुकरांच्या चित्रणावर संगणकातली मुस्कटं बेमालूम बसवली आणि ऑस्कर मिळवलं. मग येतात डोळे. माणसाच्या बुबुळाभोवती पांढरं दिसतं, त्यावरून तो कुठे पाहतोय ते कळतं; बहुतेक प्राण्यांत ते जवळजवळ दिसत नाही. म्हणून अॅनिमेटर डोळ्यांत थोडं पांढरं वाढवतो, नसलेल्या भुवया कपाळाच्या कातडीतून सुचवतो. हात थोडा जास्त पडला की प्रेक्षक बिचकतो.

१९९९पासून अमेरिकेत विमा विकणारी गायको कंपनीची पाल आणि २००९मध्ये ब्रिटनमध्ये आलेला, घरात झगा घालून वावरणारा अलेक्झांडर नावाचा मीरकॅट (मुंगसाच्या कुळातला आफ्रिकी प्राणी) बोलूनच लोकप्रिय झाले. कंपन्यांना असा नट परवडतो. तो म्हातारा होत नाही, मानधन वाढवून मागत नाही, भलत्या कारणाने पेपरात येत नाही. मला मात्र २०१३मधलं 'थ्री' या मोबाइल कंपनीचं शेटलंड तट्टू जास्त आवडतं. कड्यावर एकटंच 'मूनवॉक' करतं, म्हणजे चालल्यासारखं करत मागे सरकत नाचतं, चेहऱ्यावर रेषाही हलत नाही. माणूस फक्त पायांत उतरलाय.

आपल्याकडे या तंत्राला कायद्यानेही बळ दिलं. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्याकडून खेळ करवून घ्यायला केंद्र सरकारची बंदी आहे, आणि इतर प्राणी कॅमेऱ्यासमोर आणायचे तर २००१च्या नियमांनुसार प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. त्यामुळे पडद्यावर वाघ दिसला की तो संगणकातला आहे अशी पाटीही बहुधा दिसते. २००३मधला हच या मोबाइल कंपनीचा पग खराच होता, पण त्याला माणूस करायची गरजच पडली नाही. तो नुसता मुलाच्या मागे चालत राहिला.

'रिदम अँड ह्यूज'ने मुंबईतही स्टुडिओ काढला होता. जनावरांच्या कामात इथल्या कलाकारांचाही हात लागे. 'लाइफ ऑफ पाय' चित्रपटातल्या वाघासाठी २४ फेब्रुवारी २०१३ला कंपनीला ऑस्कर मिळालं, तेव्हा तिने दिवाळखोरीचा अर्ज करून दोन आठवडेही झाले नव्हते. या धंद्यात रक्कम आधी ठरते, दुरुस्त्या मात्र ग्राहक सांगत राहतो. वाढलेल्या कामाचा भुर्दंड स्टुडिओच्या माथी.

कोका-कोलाने २०२४ आणि २०२५च्या नाताळच्या जाहिराती कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करवून घेतल्या. २०२५च्या जाहिरातीत तर बहुतेक पात्रं जनावरंच आहेत, पण त्यांची धाटणी टिकत नाही: एका दृश्यात खरी वाटतात, पुढच्यात कार्टून होतात. दोन्ही वर्षी टीका झाली. जाहिराती मात्र कंपनीने मागे घेतल्या नाहीत.