सेंटर फ्रीक्वेन्सी आणि ऑफसेट: स्कॅनर लिहिताना गल्लत होते ती इथे

एसडीआरसाठी, म्हणजे बरंचसं काम सॉफ्टवेअरने करणाऱ्या रेडिओसाठी, स्कॅनर लिहायला बसलं की पहिल्याच दिवशी एक ओळ लिहिली जाते: फ्रीक्वेन्सी बदल. लूप फिरवायचा, दर फेरीला नवा आकडा द्यायचा, सिग्नल आहे का बघायचं, पुढे सरकायचं. ओळ साधी दिसते, पण तिच्या पोटात दोन वेगळी कामं असतात. एक डोंगलमधला, म्हणजे यूएसबीला लावायच्या रिसीव्हरमधला, ट्यूनर करतो, दुसरं आपला प्रोग्राम. दोन्हींना आपण 'ट्यून करणं'च म्हणतो, आणि गल्लत तिथूनच सुरू होते.

नेहमीचा स्वस्त आरटीएल-एसडीआर डोंगल घेऊ. त्यात आर८२०टी२ हा ट्यूनर आणि आरटीएल२८३२यू ही चिप असते. ट्यूनर साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झमध्ये कुठेही जाऊ शकतो, पण एका वेळी हातात येतो तो सॅम्पल रेटएवढाच, म्हणजे सेकंदाला जितकी मोजमापं (सॅम्पल) घेतो तेवढ्याच रुंदीचा तुकडा. सेकंदाला २४ लाख सॅम्पल घेतले तर २.४ मेगाहर्ट्झ. या तुकड्याचा मध्य म्हणजे सेंटर फ्रीक्वेन्सी. ती बदलायची तर यूएसबीवरून ट्यूनरला आदेश जातो आणि त्याचा पीएलएल, म्हणजे फ्रीक्वेन्सी पक्की धरणारं सर्किट, नव्या जागी स्थिरावतो. कधी स्थिरावतही नाही, आणि मग टर्मिनलवर 'पीएलएल नॉट लॉक्ड' असा इशारा उमटतो.

ऑफसेटचं तसं नाही. ऑफसेट म्हणजे हवा तो चॅनल सेंटरपासून किती दूर आहे ते अंतर. हाती आलेल्या आयक्यू सॅम्पलना (प्रत्येक सॅम्पल म्हणजे आकड्यांची एक जोडी) आपण एका फिरत्या फेजने, म्हणजे ठरावीक वेगाने फिरणाऱ्या कोनाने, गुणतो, हवा तो चॅनल शून्यावर आणतो, बाकीचं गाळणाऱ्या लो-पास फिल्टरमधून काढतो आणि सॅम्पल कमी करतो. डोंगलला याचा पत्ताही नसतो. सेंटर बदलणं म्हणजे कॅमेरा दुसरीकडे वळवणं. ऑफसेट बदलणं म्हणजे काढलेल्या फोटोतला एखादा कोपरा मोठा करून पाहणं. म्हणून तर काल साठवलेल्या आयक्यू फाइलवर आजही ऑफसेट बदलता येतो. सेंटर मात्र कालच ठरून गेलेलं असतं.

आता कॅमेरा वळवण्याची किंमत. आरटीएल-एसडीआरची लायब्ररी सॅम्पल गठ्ठ्यांनी देते आणि तिचा ठरलेला गठ्ठा २,६२,१४४ बाइटचा असतो. एका सॅम्पलचे दोन बाइट, म्हणजे १,३१,०७२ सॅम्पल, २.४ मेगाहर्ट्झला सुमारे ५५ मिलिसेकंद. आदेश दिल्यानंतर हाती येणाऱ्या पहिल्या गठ्ठ्यात सुरुवातीला जुनी फ्रीक्वेन्सी, मध्ये पीएलएल स्थिरावतानाचा कचरा आणि शेवटी नवी फ्रीक्वेन्सी असं सगळं एकत्र असू शकतं. माझ्या पहिल्या स्कॅनरच्या नोंदींत प्रत्येक जोरदार सिग्नल दोनदा दिसायचा, एकदा स्वतःच्या जागी आणि एकदा पुढच्या चॅनलवर. दोन दिवस मी अँटेना आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) तपासत होतो. दोष एवढाच होता की आकडा नवा आणि सॅम्पल जुने होते. याच लायब्ररीसोबत येणारं आरटीएल-पॉवर हे साधन ट्यूनर हलवल्यावर ५ मिलिसेकंद थांबतं आणि मग ४,०९६ बाइट वाचून सरळ फेकून देतं. आपल्या कोडमध्येही हे हवंच, आणि त्यासोबत फिल्टरची जुनी स्मृती आणि स्क्वेल्चची, म्हणजे सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणाऱ्या भागाची, सरासरीही पुसायला हवी.

ऑफसेटला नियम नेमका उलटा. तिथे पुसायचं नाही, जपायचं. फिरत्या फेजचा हिशोब एका गठ्ठ्यातून पुढच्या गठ्ठ्यात जसाच्या तसा न्यावा लागतो. दर गठ्ठ्याला फेज शून्यापासून सुरू केली तर सांध्यावर उडी बसते आणि एफएमच्या आवाजात सेकंदाला सुमारे १८ वेळा टकटक ऐकू येते.

ही चूक फार लबाडीने लपते. मुंबईत ९१.१, ९१.९, ९२.७ आणि ९३.५ मेगाहर्ट्झ अशी खासगी एफएम स्टेशनं ०.८ च्या अंतराने आहेत. सेंटर ९१.७ वर ठेवलं, तर ९१.१ साठी ऑफसेट उणे ६०० किलोहर्ट्झ होतो. हा सॅम्पल रेटचा बरोबर चौथा भाग. दर चार सॅम्पलना फेज एक चक्कर पूर्ण करते आणि १,३१,०७२ ला चारने पूर्ण भाग जातो, म्हणून सांध्यावर उडीच बसत नाही. स्टेशन स्वच्छ वाजतं, आपण खूश. मग ९२.७ ला, म्हणजे अधिक १ मेगाहर्ट्झला गेलो की दर गठ्ठ्याला एक तृतीयांश चक्कर उरते, १२० अंशांची उडी बसते आणि टकटक सुरू होते. कोड तोच, फक्त आकडा बदललेला. म्हणून ऑफसेटचा कोड तपासताना सोयीचा आकडा कधीच घेऊ नये.

सेंटर ९१.७ च का, हेही सांगतो. ९१.१ आणि ९२.७ यांचा मध्य ९१.९, आणि हात आपोआप तिकडेच जातो. पण तिथे स्वतंत्र स्टेशन आहे, आणि झीरो-आयएफ (सेंटरला थेट शून्यावर आणणारा) ट्यूनर असेल तर तुकड्याच्या ऐन मध्यावर स्वतःचाच एक सुळका उभा असतो. आर८२०टी२ मध्ये हा त्रास कमी. दुसरं, ९१.१ आणि ९३.५ मधलं अंतर बरोबर २.४, म्हणजे आपला सॅम्पल रेट. तुकड्याबाहेरचा सिग्नल पुरता गाळला गेला नाही तर तो दुमडतो, म्हणजे सॅम्पल रेटएवढा सरकून तुकड्याच्या आत दिसतो. त्यामुळे ९३.५ दुमडलं की नेमकं ९१.१ वर येऊन बसतं. सेंटर ९२.१ ठेवलं तर ९३.५ तुकड्याच्या कडेपासून जेमतेम ०.२ बाहेर राहतं, आणि कडेजवळ चिपचा फिल्टर तेवढा धारदार नसतो. ९१.७ ला ते ०.६ बाहेर जातं आणि बरंच जास्त दबतं. एकदा दुमडून मिसळलेलं स्टेशन नंतर कुठल्याही ऑफसेटने वेगळं काढता येत नाही. ते काम सेंटरनेच आधी करायचं असतं.

खऱ्या स्कॅनिंगमध्ये याचा फायदा मोठा आहे. भारतातला हॅमचा (हौशी रेडिओवाल्यांचा) २ मीटर बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. १२.५ किलोहर्ट्झच्या पायरीने १६० चॅनल होतात. प्रत्येकासाठी ट्यूनर हलवला, ५ मिलिसेकंद थांबलो आणि २० मिलिसेकंद ऐकलं, तर एक फेरी ४ सेकंदांची, आणि तेवढ्यात कुणाचं छोटंसं बोलणं होऊन जाईल. त्याऐवजी सेंटर १४५.००६२५ वर, म्हणजे दोन चॅनलच्या मधोमध, एकदाच ठेवा. अख्खा बँड तुकड्यात मावतो, एका एफएफटीत (सॅम्पलमधून फ्रीक्वेन्सी वेगळ्या काढणाऱ्या गणितात) सगळे चॅनल दिसतात, आणि जिथे हालचाल दिसेल तिथे फक्त ऑफसेट लावायचा. ट्यूनर हलवायचा तो तुकडा संपल्यावरच.

अंतराळ स्थानकाचा १४५.८०० वरचा आवाज ऐकताना तर ऑफसेटशिवाय दुसरा मार्ग विचारातही घेऊ नये. स्थानक डोक्यावरून जातं त्या दहाएक मिनिटांत डॉप्लरमुळे, म्हणजे जवळ येण्या-दूर जाण्याच्या वेगामुळे, फ्रीक्वेन्सी सुमारे ३.५ किलोहर्ट्झ वरून तितकीच खाली घसरते. दर थोड्या हर्ट्झला ट्यूनर हलवला तर प्रत्येक वेळी बोलण्यात खाच पडेल. ऑफसेट सावकाश सरकवला आणि फेज अखंड ठेवली, तर कानाला काहीच कळत नाही.

यूएसआरपी या महागड्या एसडीआरच्या यूएचडी लायब्ररीत हा भेद उघडच मांडलेला आहे. ट्यून करायला सांगितलं की ती मागितलेली आणि प्रत्यक्ष मिळालेली आरएफ फ्रीक्वेन्सी वेगळी सांगते, आणि डीएसपीने (आकड्यांवरच्या गणिताने) केलेली सरक वेगळी. जीएनयू रेडिओ या एसडीआरच्या सॉफ्टवेअरमध्ये तर बदल कुठल्या सॅम्पलपासून लागू झाला त्याची खूणही प्रवाहात येते. आरटीएल-एसडीआर असं काही देत नाही. फ्रीक्वेन्सी विचारली तर आपणच मागितलेला आकडा परत करतो. म्हणून कोडमध्ये 'फ्रीक्वेन्सी' नावाचं एकच व्हेरिएबल ठेवू नका. सेंटर वेगळं, ऑफसेट वेगळा, आणि प्रत्येक गठ्ठ्याला तो कुठल्या सेंटरचा आहे याची चिठ्ठी. तपासणी सोपी आहे: एका जोरदार एफएम स्टेशनवर आणि १० मेगाहर्ट्झ दूरच्या रिकाम्या जागी ट्यूनर आळीपाळीने हलवत राहा आणि रिकाम्या जागेची पातळी छापा. ती मधूनच उसळत असेल, तर फेकायचे सॅम्पल अजून कमी पडताहेत.