पीपल्स टेंपल : पंथप्रमुखाचे वलय आणि अनुयायांची बांधणी

पीपल्स टेंपल : जिम जोन्स (1931–78) या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात 1955 च्या सुमारास स्थापन केलेला पंथ. दक्षिण अमेरिकेतील गयानाच्या जंगलात या पंथाने वसवलेल्या जोन्सटाउन या वसाहतीत 18 नोव्हेंबर 1978 रोजी 909 माणसे मरण पावली. त्यांतील जवळजवळ सर्वांचा मृत्यू सायनाइडने झाला आणि मृतांमध्ये 300 हून अधिक मुले होती. एखादा प्रभावी वक्ता शेकडो माणसांना मरणापर्यंत कसा नेऊ शकतो, या प्रश्नाच्या चर्चेत तेव्हापासून हे उदाहरण सर्वाधिक घेतले जाते. मात्र ‘भोळ्या लोकांना एका वेड्याने भुलवले’ एवढेच म्हणून ते बाजूला ठेवता येत नाही, कारण जोन्सचे अनुयायी भोळे नव्हते आणि त्याची पकडही एका दिवसात बसलेली नव्हती. ती बसायला सुमारे वीस वर्षे लागली, आणि त्या कामात अनुयायांचेच अनेक हात होते.

जोन्सचा जन्म इंडियाना राज्यातील एका गरीब श्वेतवर्णीय कुटुंबात झाला. शाळकरी वयापासून तो वेगवेगळ्या चर्चच्या प्रार्थनासभांना जाऊन धर्मोपदेशकांची बोलण्याची ढब उचलत असे. 1949 मध्ये त्याने मार्सलीन बाल्डविन या परिचारिकेशी विवाह केला. वर्णभेद रूढ असलेल्या इंडियानापोलिसमध्ये गोरे आणि काळे शेजारीशेजारी बसतील असे चर्च त्याने उभे केले, गरिबांसाठी मोफत जेवणाची सोय केली आणि वेगवेगळ्या वंशांची मुले दत्तक घेतली. 1961 मध्ये शहराच्या मानवी हक्क आयोगाचा संचालक म्हणून त्याची नेमणूकही झाली. हे काम दिखाऊ नव्हते, आणि पुढचे सगळे समजून घेताना हे विसरून चालत नाही. ज्या वृद्ध कृष्णवर्णीय स्त्रीला आयुष्यभर मागच्या दाराने आत घेतले गेले होते, तिला येथे पहिल्या रांगेत जागा मिळत होती. तिच्या औषधांची, घरभाड्याची आणि कोर्टकचेरीची काळजी कोणीतरी घेत होते. लोक पंथात आले ते बहुधा जोन्सच्या शिकवणुकीचा विचार करून नव्हे, तर अशा वागणुकीमुळे.

अणुयुद्ध होणार या भीतीने जोन्सने काही काळ ब्राझीलमध्ये काढला आणि 1965 मध्ये तो शे-दीडशे अनुयायांसह कॅलिफोर्नियातील रेडवुड व्हॅली या ग्रामीण भागात स्थलांतरित झाला. 1970 नंतर सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस येथे पंथाच्या शाखा निघाल्या आणि अनुयायांची संख्या काही हजारांवर गेली. त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते. निर्णय घेणारे अंतस्थ वर्तुळ मात्र बहुतांशी श्वेतवर्णीय आणि सुशिक्षित होते. 1973 मध्ये पंथ सोडून गेलेल्या आठ तरुणांनी मागे ठेवलेल्या पत्रात नेमकी हीच विसंगती दाखवून दिली होती.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने सत्तेचे जे तीन प्रकार सांगितले, त्यांतील एक प्रकार नेत्याच्या असामान्य गुणांवरील श्रद्धेतून येणाऱ्या सत्तेचा आहे. हे गुण खरोखर असतात की नाही यापेक्षा अनुयायी ते मानतात की नाही याला वेबरने महत्त्व दिले आणि अशा नेत्याला आपले असामान्यत्व वारंवार सिद्ध करावे लागते, असेही त्याने नोंदवले. जोन्सच्या बाबतीत हे सिद्ध करण्याचे काम एका यंत्रणेकडे सोपवलेले होते. सभेला येऊ शकणाऱ्या नव्या माणसाच्या घरी काहीतरी निमित्त काढून पंथाच्या स्त्रिया जात, औषधांच्या बाटल्यांवरची नावे, भिंतीवरचे फोटो आणि टेबलावरची पत्रे डोळ्यांखालून घालत; कधी घराबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यातील कागदही चाळले जात. जमवलेली माहिती चिठ्ठ्यांवर लिहून जोन्सकडे पोहोचे, आणि सभेत तो गर्दीतील एका अनोळखी माणसाला नावाने हाक मारून त्याच्या दुखण्याचे किंवा त्याच्या बहिणीच्या आजाराचे तपशील सांगे. कर्करोग बरा करण्याचा प्रयोग याहून धाडसी होता. रोग्याला बाजूला नेले जाई आणि थोड्या वेळाने कापडात धरलेला, दुर्गंधी सुटलेला मांसाचा गोळा सर्वांना दाखवला जाई. तो गोळा कोंबडीच्या सडवलेल्या काळजाचा वा आतड्यांचा असे. बुवाबाजीतील हातचलाखी आपल्या वाचकाला नवी नाही. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. ही हातचलाखी एकट्या बुवाची नव्हती, तर परिचारिका, शिक्षिका आणि सचिव असलेल्या अनेक शहाण्या माणसांची होती, आणि ती करताना आपण फसवणूक करत आहोत असे त्यांना वाटत नव्हते.

त्यांना तसे का वाटत नव्हते, याचे उत्तर त्यांच्यापैकी काहींनी नंतर दिलेल्या कथनांत सापडते. खोट्या चमत्कारामुळे माणसे सभेत येतात, आलेली माणसे समतेच्या कामाला लागतात आणि खऱ्या रोगनिवारणाने ‘फादर’ची, म्हणजे जोन्सची, शक्ती खर्ची पडते, तेव्हा अधूनमधून त्यांना असा हातभार लावायला हरकत नाही, असे त्यांना समजावले गेले होते. ज्याला गुपित सांगितले गेले तो स्वतःला अधिक विश्वासातला समजू लागे, आणि एकदा कोंबडीचे काळीज हाताळलेल्या माणसाला उद्या उठून जोन्सला खोटा म्हणणे सोपे राहत नसे, कारण तसे म्हटल्यावर आपण स्वतः कोण, हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहिला असता. गुपिताचा वाटेकरी करून माणूस बांधून घेण्याची ही रीत जोन्सच्या सर्व युक्त्यांमध्ये सर्वांत परिणामकारक होती, असे म्हणावे लागते.

सामान्य अनुयायांची बांधणी दुसऱ्या वाटेने झाली. उत्पन्नाच्या दशांशापासून सुरू झालेली देणगी चतुर्थांशापर्यंत वाढली. पुढे घर विकून पैसे पंथाला देणे आणि पंथाच्या सामायिक घरांत राहायला जाणे हे निष्ठेचे लक्षण ठरले, आणि वृद्धांच्या सामाजिक सुरक्षेचे धनादेशही पंथाच्या खात्यात जमा होऊ लागले. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलापेक्षा थोडेच मोठे असे. नोकरी करून आल्यानंतर रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या सभा, शनिवार-रविवारचे शेकडो मैलांचे बसप्रवास आणि अपुरी झोप यांमुळे आपण काय करत आहोत याचा विचार करायला उसंत राहत नसे. सभांमध्ये सदस्याला सर्वांसमोर उभे करून त्याच्या चुका सांगितल्या जात. आरोप करणारे त्याचे मित्र, कधी नवरा किंवा बायको, कधी पोटची मुले असत, आणि शिक्षा म्हणून लाकडी फळीने मारहाण होई. चहाडी करणे हे कर्तव्य मानले गेल्याने मनातली शंका जवळच्या माणसाजवळही बोलता येईना. शंका असलेली शंभर माणसे एकाच सभागृहात बसलेली असत आणि आपण एकटेच शंकेखोर आहोत असे प्रत्येकाला वाटे.

याच्या जोडीला कागदपत्रे होती. सदस्यांकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या जात आणि आपण स्वतःच्या मुलांवर अत्याचार केले किंवा हिंसक कट रचला अशा धादांत खोट्या कबुल्या त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घेतल्या जात. निष्ठेची केवळ एक रीत म्हणून दिलेला हा कागद, माणूस सोडून जायला निघाला की त्याच्याविरुद्धचे हत्यार बने. कुटुंबेही अशीच सैल केली गेली. मुले दुसऱ्यांच्या घरी वाढवली जात आणि पती-पत्नींना परस्परांपासून दूर राहायला सांगितले जाई. सांगणारा जोन्स स्वतः मात्र अनेक स्त्री-पुरुष अनुयायांशी शरीरसंबंध ठेवत असे आणि ते उपकार असल्याचे भासवत असे. फिलाडेल्फियातील फादर डिव्हाइन या कृष्णवर्णीय पंथप्रमुखाकडून त्याने सामुदायिक राहणी आणि ‘फादर’ हे संबोधन उचलले होते. वयाने मोठे लोकही त्याला ‘डॅड’ म्हणत. हळूहळू बायबल मागे पडले आणि त्याची जागा समाजवादाच्या भाषेने घेतली. देव असेल तर तो आपल्याच रूपात आहे, असे जोन्स उघड सांगू लागला.

बाहेरच्या जगात पंथाची प्रतिष्ठा याच काळात वाढत होती, आणि तिचा उपयोग आतल्या माणसांवर होत होता. निवडणुकीत शेकडो शिस्तबद्ध स्वयंसेवक पुरवणाऱ्या जोन्सला सॅन फ्रान्सिस्कोचे राजकारणी मान देत. महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी 1976 मध्ये त्याला शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणावर नेमले, आणि तो लवकरच त्याचा अध्यक्ष झाला. महापौर ज्याच्या शेजारी बसतात त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन कुठे जायचे, हा सदस्याचा प्रश्न वाजवी होता. त्याच वेळी आतल्या सभांत मात्र सरकार कृष्णवर्णीयांसाठी छळछावण्या उभारत असल्याचे सांगितले जाई. ज्या देशात वर्णभेदाचे कायदे नुकतेच रद्द झाले होते आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन दहा वर्षेही उलटली नव्हती, तेथे ही भीती ऐकणाऱ्याला अवास्तव वाटत नसे. अनुयायांच्या खऱ्या अनुभवावर खोटा निष्कर्ष बसवणे, हे जोन्सच्या वक्तृत्वाचे मर्म होते.

1977 च्या उन्हाळ्यात ‘न्यू वेस्ट’ या मासिकाने पंथ सोडलेल्यांच्या नावानिशी मुलाखती छापायचे ठरवले, तेव्हा लेख प्रसिद्ध होण्यापूर्वीच जोन्स गयानाला निघून गेला. तेथील वायव्य भागात 1974 पासून जंगल तोडून वसवल्या जात असलेल्या जोन्सटाउनमध्ये काही महिन्यांत सुमारे हजार माणसे पोहोचली. येथे पकड टिकवण्यासाठी वक्तृत्वाची फारशी गरज उरली नाही. पासपोर्ट काढून घेतले गेले, पत्रे तपासली जाऊ लागली, वसाहतीभोवती सशस्त्र पहारा होता आणि त्यापलीकडे दाट अरण्य होते. ध्वनिक्षेपकांवरून जोन्सचा आवाज वेळी-अवेळी ऐकू येई. जगाच्या बातम्याही तोच सांगे. त्याला स्वतःला अमली औषधांचे व्यसन जडले होते. शत्रू चाल करून येत असल्याचे सांगून मध्यरात्री सर्वांना मंडपात बोलावण्याच्या रात्रींना ‘व्हाइट नाइट’ म्हणत. अशा एका प्रसंगी सर्वांना एक पेय पाजून ते विष असल्याचे सांगण्यात आले आणि नंतर ही परीक्षा होती असा खुलासा झाला. वसाहतीतून निसटलेल्या डेबोरा लेटन हिने जून 1978 मध्ये प्रतिज्ञापत्रावर हे सर्व सांगितले, परंतु अमेरिकी शासनाने त्याची पुरेशी दखल घेतली नाही. अशा सरावांचा परिणाम दुहेरी होता. विरोध करणारे कोण हे जोन्सला कळे, आणि वारंवार खोटा ठरलेला मृत्यू हा लोकांना जणू नेहमीच्या सभेचाच भाग वाटू लागे.

नातेवाइकांच्या तक्रारींमुळे अमेरिकी काँग्रेसमधील (संसदेतील) कॅलिफोर्नियाचे सदस्य लिओ रायन पत्रकारांसह 17 नोव्हेंबर 1978 रोजी जोन्सटाउनला आले. दुसऱ्या दिवशी पंधराएक रहिवासी त्यांच्यासोबत निघाले. जवळच्या पोर्ट कैतुमा येथील धावपट्टीवर पंथाच्या बंदूकधाऱ्यांनी केलेल्या गोळीबारात रायन, तीन पत्रकार आणि पंथ सोडून निघालेली एक स्त्री असे पाच जण ठार झाले. हजार माणसांतून पंधरा जाणे हा वास्तविक मोठा पराभव नव्हता. पण जो नेता कधी चुकत नाही असे सांगितले गेले होते, त्याला तो पचण्यासारखा नव्हता.

त्या संध्याकाळच्या मंडपातील सभेची सुमारे 44 मिनिटांची ध्वनिफीत उपलब्ध आहे. तीत ख्रिस्टीन मिलर ही साठ वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री उभी राहून रशियाला जाण्याचा पर्याय विचारते आणि लहान मुलांना जगण्याचा हक्क आहे असे म्हणते. जोन्स तिला बोलू देतो, युक्तिवादही करतो. तिला गप्प करतो तो जमाव. पंथातील इतक्या वर्षांच्या सभांनी काय घडवले होते, ते येथे स्पष्ट दिसते. यानंतर विष आधी मुलांना दिले गेले, तान्ह्या बाळांच्या तोंडात ते सिरिंजने सोडण्यात आले, आणि मुले गेल्यावर अनेक आईवडिलांना मागे राहण्यात अर्थ उरला नाही. अनेक मृतदेहांवर सुई टोचल्याच्या खुणा आढळल्या. जोन्सचा मृत्यू डोक्यात गोळी लागून झाला. त्याच दिवशी राजधानी जॉर्जटाउनमधील पंथाच्या घरात एका स्त्रीचा आणि तिच्या तीन मुलांचा मृत्यू झाल्याने, धावपट्टीवरील पाच जण धरून एकूण बळींची संख्या 918 झाली. या घटनेला सामुदायिक आत्महत्या म्हटले जाते. मुलांच्या बाबतीत आणि पहाऱ्याच्या बंदुकांसमोर उभ्या असलेल्या मोठ्यांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत ती हत्या होती, हे मत आता अधिक ग्राह्य मानले जाते.

या घटनेनंतर ‘मेंदूची धुलाई’ (ब्रेनवॉशिंग) ही कल्पना अधिकच लोकप्रिय झाली. चीनमधील विचारपरिवर्तनाच्या छावण्यांतून सुटलेल्यांचा अभ्यास करून मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी 1961 मध्ये जी लक्षणे मांडली होती, त्यांपैकी माहितीचे नियंत्रण आणि कबुलीजबाबाचा आग्रह ही जोन्सटाउनला तंतोतंत लागू पडतात. याउलट युनिफिकेशन चर्च या पंथाचा ब्रिटनमध्ये अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांना असे आढळले, की त्याच्या शिबिरांना आलेल्यांपैकी बहुतेकांनी सदस्यत्व घेतलेच नाही आणि घेतलेल्यांपैकीही बरेच जण काही वर्षांत स्वेच्छेने बाहेर पडले. पीपल्स टेंपलमधूनही कॅलिफोर्नियात असताना लोक बाहेर पडत होतेच. तेव्हा नेत्याच्या शब्दांत अमोघ शक्ती असते असे मानण्यापेक्षा, बाहेर पडण्याची किंमत टप्प्याटप्प्याने वाढवत नेली जाते असे मानणे या पुराव्याशी अधिक जुळते. सॅन फ्रान्सिस्कोत ती किंमत घर, पैसा आणि मित्र एवढी होती. जोन्सटाउनमध्ये ती देण्याचा मार्गच शिल्लक नव्हता. पंथाच्या विविध बँकांतील लक्षावधी डॉलरच्या ठेवी न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाने पुढे ताब्यात घेतल्या, आणि अमेरिकेतील न्यायालयात या हत्याकांडाबद्दल लॅरी लेटन या एकाच सदस्याला 1986 मध्ये दोषी ठरवण्यात आले.