मेंढीचा सांधा किती वाकू शकतो आणि चालताना किती वाकतो, हे दोन आकडे वेगळे आहेत

मेंढीच्या सांध्याची रेंज, म्हणजे तो किती अंश फिरतो ते, मोजली असं कुणी सांगितलं की आधी विचारायचं, मेंढी आडवी होती की चालत होती? दोन्हीला लोक सर्रास रेंज ऑफ मोशनच म्हणतात आणि मग आकडे जुळत नाहीत म्हणून डोकं खाजवत बसतात.

आडव्या मेंढीवर मोजतात ती पॅसिव्ह रेंज. मेंढीला कुशीवर झोपवायचं आणि गोनिओमीटर लावायचा, म्हणजे दोन पट्ट्या आणि मधे अंशांची चकती, बास. मागच्या पायाचा गुडघा घ्या (हा वर पोटाजवळ लोकरीत लपलेला असतो, पुढच्या पायात जो ठळक गुडघा दिसतो तो खरं तर मनगटाचा सांधा), एक पट्टी मांडीच्या हाडाच्या रेषेत, दुसरी नडगीच्या, हाडांचे उंचवटे बोटांनी चाचपूनच, कारण लोकरीवरून अंदाजाने लावली की संपलंच. मग सांधा जाईल तेवढा दुमडून एक आकडा, जाईल तेवढा सरळ करून दुसरा, आणि वजाबाकी म्हणजे रेंज. तीनदा मोजून सरासरी काढलेली बरी.

इथे मेंढी स्वतः काही करत नाही, जोर आपला असतो, म्हणून किती जोर लावला यावरही आकडा हलतो. शेजारचा सांधाही बघावा लागतो, कारण पोटरीचा स्नायू गुडघा आणि टाच दोन्ही ओलांडून जातो, गुडघा सरळ ठेवला तर टाचेचा सांधा कमी दुमडतो. धरल्यावर अंग ताठ करणारी मेंढी हा आणखी एक वैताग, म्हणून गुंगीचं औषध देतात. 2002 मध्ये लॅब्राडॉर कुत्र्यांवर आलेल्या अभ्यासात जागेपणी आणि गुंगीत मोजलेल्या कोनांत लक्षणीय फरक दिसला नव्हता, पण कुत्र्याचं मेंढीला तसंच लागू होईल असं मी तरी धरणार नाही.

चालतानाची रेंज म्हणजे एका पावलात सांधा प्रत्यक्षात किती फिरला. लोकर कातरून कातडीवर मार्कर (कॅमेऱ्यात उठून दिसणाऱ्या छोट्या खुणा) चिकटवतात, कॅमेऱ्याने शूट करतात, सॉफ्टवेअर कोन काढतं. इथे वेगाने आकडे बदलतात, आणि गुडघ्यापाशी कातडी हाडावरून सरकते त्यामुळे मार्कर थोडं खोटं बोलतोच.

आता माणसाचा गुडघा बघा, हाताने तो साधारण 140 अंश दुमडतो पण सपाट जमिनीवर चालताना जेमतेम 60 लागतात. मेंढीचंही तत्त्व तेच, चालताना मधला तुकडाच वापरला जातो, टोकं शिल्लक राहतात. म्हणून टोकाचं दुमडणं गेलेली मेंढी अगदी नीट चालताना दिसू शकते, आणि उलट, खूर दुखणारी मेंढी लंगडते पण हाताने वाकवला तर सांधा पूर्ण वाकतो!

अजून एक घोळ, माणसांत सरळ सांधा 0 धरतात, प्राण्यांत बहुतेकदा 180, म्हणजे माणसाचा 140 अंश दुमडलेला गुडघा प्राण्यांच्या हिशोबात 40 होतो.

गुडघ्याच्या ऑपरेशनच्या संशोधनात मेंढ्या बऱ्याच वापरतात, तिथे निरोगी मेंढीचा आकडा तुलनेला लागतो, तेव्हा ऑपरेशननंतर ज्या पद्धतीने मोजणार त्याच पद्धतीने आधी मोजून ठेवा, शक्यतो त्याच माणसाकडून.