सेनेगलमधला गुड फ्रायडे आणि एक जुना गैरसमज

‘सेनेगल मुस्लिम देश आहे, तिथले कॅथलिक आपले सण दार लावून साजरे करतात,’ असं आपल्याकडे बरेच जण ठामपणे सांगतात. पहिला भाग बरोबर आहे, लोकसंख्येत मुस्लिम नव्वद टक्क्यांहून जास्त आहेत. दुसरा साफ चूक.

गुड फ्रायडेच्या दिवशी राजधानी डाकारमधल्या ख्रिस्ती घरांत ‘न्गालाख’ नावाचा गोड पदार्थ रांधतात, तेही मोठमोठ्या पातेल्यांत. बाजरीच्या पिठाचे बारीक दाणे वाफवायचे, त्यात शेंगदाण्याचं वाटण, साखर आणि गोरखचिंचेचा आंबटगोड गर. (हो, तीच गोरखचिंच, जिची अजस्र खोडं आपल्याकडेही कुठे कुठे दिसतात.) उपवासाचा दिवस, म्हणून मांस नाही. मग भांडी भरभरून मुस्लिम शेजाऱ्यांकडे जातात, आणि ते वाटच पाहत असतात. बकरी ईदला, म्हणजे तिथल्या ‘तबास्की’ला, मटण उलट दिशेने येतं. याला दार लावणं कसं म्हणायचं?

ईस्टरचा सोमवार, १५ ऑगस्टचा मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण आणि नाताळ या तिथे सार्वजनिक सुट्ट्या आहेत. पोपेंगिन गावी १८८८पासून पेन्टेकॉस्टला, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाला, मोठी यात्रा भरते, तरुण मुलं डाकारहून चालत जातात. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष लेओपोल्ड सेदार सेंगोर स्वतः कॅथलिक होते आणि १९६० ते १९८० त्या पदावर राहिले. फादियूथच्या शिंपल्यांच्या बेटावर तर ख्रिस्ती आणि मुस्लिम एकाच दफनभूमीत विसावतात.