ईबी-५ व्हिसा: वकील निवडण्याआधी तपासायच्या गोष्टी आणि पैशाच्या उगमाचे कागद

अमेरिकेत गुंतवणुकीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळतं ते ईबी-५ मधून. पात्रता चटकन समजते: ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात ८ लाख डॉलर, बाकी बहुतेक ठिकाणी १० लाख ५० हजार, आणि त्यातून किमान १० पूर्णवेळ नोकऱ्या. अर्ज अडकतात ते हा पैसा आला कुठून, या प्रश्नावर. म्हणून वकिलाची पार्श्वभूमीही तिथूनच तपासा.

इमिग्रेशन हा तिथे संघराज्याचा कायदा आहे, त्यामुळे कुठल्याही एका राज्याचं लायसन्स असलेला वकील देशभर हे काम करू शकतो. लायसन्स चालू आहे का, हे त्या राज्याच्या बारकडे, म्हणजे वकिलांच्या संस्थेकडे, पाहता येतं. जी-२८ फॉर्मवर (तुमचा प्रतिनिधी कोण, हे सांगणारा फॉर्म) सही कोण करणार, हे पहिल्याच भेटीत विचारा. नुसत्या ‘कन्सल्टंट’ला तो अधिकार नाही.

वीस वर्षं एच-१बीची (नोकरीच्या व्हिसाची) कामं केलेल्या वकिलाला ईबी-५ येतंच असं नाही. जमीन विकून किंवा आईवडिलांनी भेट म्हणून दिलेल्या पैशाच्या फाइली त्यांनी स्वतः हाताळल्यात का, ते विचारा. ज्या प्रकल्पात तुम्ही पैसे गुंतवणार, त्याच्याकडून त्यांना कमिशन मिळतं का, हेही स्पष्ट विचारा, संकोच नको. नोंदणी नसताना गुंतवणुकीची दलाली केल्याबद्दल अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०१५ मध्ये काही इमिग्रेशन वकिलांवरच कारवाई केली होती.

आता कागद. सात वर्षांची करविवरणपत्रं बहुतेकांकडे निघतात. निघत नाही तो जुन्या व्यवहाराचा माग. खरेदीखतात कमी किंमत आणि उरलेली रोख, असं झालं असेल तर त्या रोख रकमेला अर्जात आधार उरत नाही. वडिलोपार्जित जमिनीला सातबारा पुरत नाही, फेरफार लागतात, आणि मराठी कागदाला अनुवादकाने सही करून दिलेल्या दाखल्यासह इंग्रजी अनुवाद. पैसा भेट मिळाला असेल तर देणाऱ्याचाही उगम दाखवावा लागतो. याचा लोकांना राग येतो आणि तो समजण्यासारखा आहे, पण इथे सूट मिळत नाही. त्यात पैसे परदेशी पाठवायला रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर. म्हणजे ८ लाखांसाठी घरातली चार माणसं, नाहीतर चार आर्थिक वर्षं. चौघांनी पाठवले तर चौघांचे कागद.

तारखेची गफलत तर सर्रास होते. रीजनल सेंटर योजनेची (सरकारमान्य संस्थेमार्फत अनेकांचे पैसे एकत्र गुंतवण्याचा ईबी-५ चा मार्ग) मुदत ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे, हे वाचून लोक निवांत बसतात. पण योजना पुढे बंद पडली तरी अर्जाचा निकाल लागण्याची हमी ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेल्यांनाच आहे. आणि कागद जमवण्यातच महिने जातात.

फीच्या करारात आय-८२९, म्हणजे ग्रीन कार्डवरच्या अटी काढण्याचा अर्ज, धरला आहे का, ते सहीआधी बघा. दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड संपण्याआधीच्या ९० दिवसांत तो भरायचा असतो, आणि कित्येक करार पहिल्या अर्जापाशीच थांबतात.