डर्ट बाइकवरील संरक्षक पोशाख

माती, वाळू, चिखल आणि दगडधोंड्यांतून चालवायच्या हलक्या मोटारसायकलीवर बसताना अंगावर चढवायची साधने. हेल्मेट, गॉगल, छाती-पाठीचे कवच, कोपर-गुडघ्यांचे गार्ड, हातमोजे आणि उंच बूट यांचा त्यात समावेश होतो.

डांबरी रस्त्यावर पडलेला चालक घासत जातो, म्हणून तिथे चामड्याला मान. मातीत मात्र उडी चुकते, चाक खाचेत अडकते आणि माणूस आपटतो, मुरगळतो किंवा स्वतःच्याच गाडीखाली सापडतो. त्यामुळे इथे भर कठीण ढालींवर आणि सांध्यांच्या आधारावर असतो. रंगीबेरंगी जर्सी म्हणजे घाम सुकवणारे पातळ कापड. तिला कवच समजण्याची चूक नवशिके हटकून करतात.

मोटारसायकलच्या हेल्मेटचा इतिहास एका अपघाताशी जोडलेला आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीने मरण पावले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी ह्यू केर्न्स या मेंदू-शल्यविशारदांनी पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटची गरज मांडली. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने कामावरच्या स्वारांना ते सक्तीचे केले. डर्ट बाइकच्या हेल्मेटची हनुवटी पुढे आलेली असते, कारण दमलेल्या चालकाला श्वासाला जागा लागते. कपाळावरची झडप ऊन आणि उडणारा चिखल अडवते. डोळ्यांपुढे काच नसते, म्हणून गॉगल वेगळा लावावा लागतो. आतला थर थर्माकोलच्याच जातीचा असतो. तो चेपून धक्का पचवतो आणि एकदा चेपला की पूर्ववत होत नाही. म्हणूनच जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलतात.

छातीच्या कवचाची खरेदी फसवी असते. पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडणारे खडे अडवणारी ढाल (युरोपीय मानक ईएन १४०२१) आणि आपटण्याचा मार सोसणारे कवच (ईएन १६२१) दिसायला सारखी, पण कामे निराळी. पाठीच्या कवचावर ५० जूलचा घाव घालतात. पलीकडे पोचणारे सरासरी बल पहिल्या पातळीसाठी १८ किलोन्यूटनच्या आत, तर दुसऱ्या पातळीसाठी ९ च्या आत असावे लागते.

पैसे मोजके असतील तर हेल्मेटनंतर बुटांवर खर्च करावा. वळणावर तोल सावरायला पाय जमिनीवर टेकवतात आणि घोटा, नडगी, गुडघा तिथेच अडकतात. चांगला बूट गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येतो, बकलांनी आवळला जातो आणि घोट्याला पुढे-मागे वाकू देतो, पण आडवा फारसा मुरगळू देत नाही. गुडघ्याचा साधा कप मार अडवतो. पीळ रोखायला बिजागरीचा ब्रेस, म्हणजे सांध्याला आधार देणारा कडक साचा, लागतो. तो मापाचा नसेल तर खाली सरकतो आणि निरुपयोगी ठरतो. हातमोजे मुद्दामच पातळ ठेवतात, नाहीतर क्लच-ब्रेकचा अंदाज येत नाही.

वाद आहे तो मानेच्या ब्रेसबद्दल. दक्षिण आफ्रिकेचे डॉक्टर ख्रिस लेट यांच्या रचनेमुळे तो रूढ झाला. हेल्मेटची कड ब्रेसवर टेकते आणि मान मर्यादेपलीकडे वाकत नाही, ही त्यामागची कल्पना. काहींना मात्र तो भार गळ्याच्या हाडावर येण्याची भीती वाटते, तर काहींना मान वळवताना अडचण होते. शर्यतीच्या रांगेत ब्रेस घातलेले आणि न घातलेले चालक शेजारीशेजारी उभे दिसतात.