वायुकोश-सूक्ष्माश्मरी : रोग आणि वैद्यकीय जाण

वायुकोश-सूक्ष्माश्मरी हा फुप्फुसांचा अतिशय विरळ, आनुवंशिक रोग असून त्यात वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या, पोकळीत कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक खडे वर्षानुवर्षे साचत जातात. ‘पल्मनरी अ‍ॅल्व्हिओलर मायक्रोलिथिआसिस’ या रूढ संज्ञेसाठी हा शब्द येथे योजला आहे. आयुर्वेदात अश्मरी म्हणजे प्रामुख्याने मूतखडा, त्यामुळे स्थान आणि आकार या दोहोंचा उल्लेख संज्ञेत असणे आवश्यक वाटते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरातील १,०२२ रुग्णांची गणना करण्यात आली. तुर्कस्तान, चीन, जपान, भारत आणि इटली येथील नोंदी त्यात अधिक होत्या. छातीच्या एक्स-रेवर हा रोग मिलिअरी क्षयासारखा, म्हणजे बारीक ठिपक्यांनी फुप्फुसभर पसरणाऱ्या क्षयासारखा, दिसतो. साहजिकच तो ओळखला जाणे हे एक्स-रे हाती घेणाऱ्या डॉक्टरांच्या जाणकारीवर अवलंबून राहते. क्षयोपचाराची दीर्घ परंपरा असलेल्या सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात त्याच अंगाचा विचार प्रस्तुत नोंदीत मुख्यतः केला आहे.

रोगाचे पहिले वर्णन कोणाचे, याविषयी एकमत नाही. इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पिघी यांच्या १६८६ च्या सुमारास केलेल्या लिखाणात फुप्फुसाच्या पुटिकांमध्ये असंख्य खडे आढळल्याचा उल्लेख असून अनेक लेखक इतिहासाचा आरंभ तेथूनच करतात. तथापि श्वासनलिकांतील खडे, जुन्या क्षयाचे चुनखडीभवन आणि प्रस्तुत रोग यांत भेद करण्याची साधने त्या काळी नव्हती. त्यामुळे त्या एका वाक्यावर फार भार टाकता येत नाही. जर्मन वैद्य फ्रीडराइख यांचे १८५६ मधील निरीक्षणही पूर्वसूचना म्हणून दाखवले जाते, परंतु त्यांनी वर्णिलेले पिठूळ पिंड हे प्रथिनमय असून वयोमानानुसार निरोगी फुप्फुसांतही आढळू शकतात. नॉर्वेचे हार्बिट्झ यांनी १९१८ मध्ये दोन्ही फुप्फुसांच्या व्यापक चुनखडीभवनाचे वर्णन एक स्वतंत्र रोग म्हणून केले. ओळखू येण्याजोगे पहिले वर्णन हेच मानणे अधिक सुरक्षित आहे. रोगाचे आजचे नाव हंगेरीच्या पूर यांनी १९३३ मध्ये दिले, तर तो एकाच घरातील भावंडांत आढळतो ही गोष्ट १९५७ मध्ये सॉसमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ठळकपणे मांडली.

रोगाचे कारण मात्र २००६–०७ पर्यंत अज्ञात होते. त्या सुमारास तुर्कस्तान व जपान येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे चौथ्या गुणसूत्रावरील एसएलसी-३४-ए-२ या जनुकातील दोष दाखवून दिला. हे जनुक सोडियमच्या जोडीने फॉस्फेट वाहून नेणारे एक प्रथिन घडवते. वायुकोशांना मिटू न देणारा सर्फॅक्टंट हा स्निग्ध पातळ थर मुख्यतः फॉस्फोलिपिडांचा बनलेला असतो व तो सतत तयार होतो आणि मोडतो. मोडणीतून सुटे झालेले फॉस्फेट वायुकोशाच्या अस्तरातील दुसऱ्या प्रकारच्या पेशी याच प्रथिनाच्या साहाय्याने आत ओढून घेतात. प्रथिन निकामी असल्यास फॉस्फेट पोकळीत साचते, तेथील कॅल्शियमशी संयोग पावते आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थरावर थर चढून खडे तयार होतात. त्यांचा आकार मिलिमीटरच्या शतांशापासून दोन-तीन मिलिमीटरपर्यंत असतो. रक्तातील कॅल्शियम व फॉस्फेटचे प्रमाण सहसा प्राकृतच असते. त्यामुळे नेहमीच्या रक्ततपासणीतून या रोगाचा सुगावा लागत नाही.

रोगाचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे एक्स-रेवरील चित्र व रुग्णाची प्रकृती यांतील विसंगती होय. फुप्फुसांचा मधला व खालचा भाग वाळूच्या वादळाने झाकोळावा तसा पांढऱ्या कणांनी भरलेला दिसतो, हृदयाची कडा पुसली जाते, आणि तरीही रुग्ण शेतात काम करत असतो. निदान बहुधा विशी-तिशीत आणि पुष्कळदा योगायोगाने होते. सातारा जिल्ह्यात सैन्यभरतीची परंपरा गावोगाव आहे; अपशिंगे गाव तर ‘मिलिटरी’ या उपनामानेच ओळखले जाते. अशा भागात भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी हा एखाद्या धडधाकट तरुणाच्या छातीचा पहिला एक्स-रे असू शकतो. धाप, कोरडा खोकला, बोटांची टोके फुगणे व अखेर हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येणे ही लक्षणे नंतरच्या अवस्थेत दिसतात.

मिलिअरी हे विशेषण बारीक भरड धान्याच्या दाण्यावरून आलेले आहे. क्षयातील ठिपके साधारण एक ते तीन मिलिमीटरचे, मऊ कडांचे व दोन्ही फुप्फुसांत सारखे पसरलेले असतात. सूक्ष्माश्मरीतील कण त्याहून बारीक, धारदार व चुन्यासारखे घट्ट असून खालच्या भागात दाटतात. कधी फुप्फुसाची बाह्य कडा व बरगड्या यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ दिसते. उच्च विभेदनाच्या सीटी स्कॅनवर फुप्फुसांऐवजी मध्यछातीची विंडो, म्हणजे चित्रातील करड्या छटांची वेगळी मांडणी, लावून पाहिल्यास कणांचे चुनखडीस्वरूप उघड होते. या साध्या कृतीचा येथे मुद्दाम उल्लेख केला आहे, कारण तिला वेगळा खर्च लागत नाही. याशिवाय वायुकोश धुऊन काढलेल्या द्रवात खडे सापडू शकतात, आणि हाडांच्या समस्थानिक स्कॅनमध्ये फुप्फुसे उजळतात. सीटीचे चित्र ठळक असेल, विशेषतः भावंडालाही रोग असेल, तर फुप्फुसाचा तुकडा काढण्याची गरज बहुधा पडत नाही.

सातारा-सांगली परिसरातील वैद्यकाची घडण पाहता क्षयाचा विचार प्रथम मनात येणे स्वाभाविक आहे. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये उभारलेले मिशन रुग्णालय, त्याच परंपरेतील वॉन्लेसवाडीचे क्षय आरोग्यधाम आणि पाचगणी येथे डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ च्या सुमारास सुरू केलेले बेल-एअर आरोग्यधाम यांमुळे क्षयरुग्ण दूरवरून या भागात येत राहिले. पुढे मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये व कराडची कृष्णा संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात वैद्यकीय शिक्षण घेताना ठिपक्यांनी भरलेला एक्स-रे म्हणजे ‘मिलिअरी कॉक्स’ (डॉक्टरी बोलीत मिलिअरी क्षय) हे समीकरण पक्के होत जाते. त्यात चूक नाही. मिलिअरी क्षयावर उपचार न केल्यास तो काही आठवड्यांत वा महिन्यांत जीव घेतो, म्हणून ताप व वजन घटणे ही लक्षणे असलेल्या रुग्णाला ‘एकेटी’, म्हणजे क्षयविरोधी औषधे, तातडीने सुरू करणारा डॉक्टर आपले कर्तव्यच करत असतो.

अडचण येते ती ताप नसलेल्या, भूक व वजन उत्तम असलेल्या रुग्णाच्या बाबतीत. थुंकी व सीबीनॅट (क्षयजंतूंचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणीत जंतू आढळत नाहीत, तरी केवळ चित्रावरून सहा महिन्यांची औषधे सुरू होतात. औषधे संपल्यावर एक्स-रे जसाच्या तसा असतो, कारण खडे औषधाने विरघळत नाहीत. आणि मग क्षय औषधांना दाद देत नाही असा निष्कर्ष निघून अधिक कठोर औषधांकडे वळले जाण्याचा धोका असतो. यकृतावरील परिणाम, इथॅम्ब्युटॉलने नजरेवर होणारा परिणाम आणि घरात वेगळे ताट-वाटी ठेवण्यापर्यंत जाणारा क्षयाचा कलंक, हे सारे त्या रुग्णाने विनाकारण सोसलेले असते. व्यवसायावरूनही दिशाभूल होऊ शकते. खडी क्रशरवरील कामगार असल्यास सिलिकोसिसकडे, तर खानापूर-आटपाडीकडचा गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळणारा, कारागीर असल्यास भट्टीच्या धुराकडे बोट दाखवले जाते. या शक्यता रास्तच आहेत, परंतु त्या दगडाच्या धुळीत वा धुरात कधीही न वावरलेल्या धाकट्या बहिणीच्या फुप्फुसांतील तसल्याच चित्राचे स्पष्टीकरण देऊ शकत नाहीत.

कुटुंबाची चौकशी हा म्हणूनच निदानाचा भाग आहे. रोग अप्रभावी रीतीने संक्रमित होतो : आई व वडील दोघेही निरोगी वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. २०१५ च्या आढाव्यातील रुग्णांपैकी तृतीयांशाहून अधिक जणांच्या कुटुंबात आणखी रुग्ण होते. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी विवाहाला पसंती असल्याचे इरावती कर्वे यांनी नोंदवले आहे आणि पश्चिम महाराष्ट्रातील अनेक समाजांत ही रीत परिचित आहे. सामाईक आजी-आजोबांपैकी एक जण वाहक असेल, तर अशा विवाहातील प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चौसष्टांत एक एवढी येते. ‘तुमचे लग्न नात्यातले का?’ हा प्रश्न येथे कुतूहलाचा नसून वैद्यकीय आहे, आणि तो दोष दिल्यासारखा न वाटेल अशा शब्दांत विचारला पाहिजे.

खडे विरघळवणारे सिद्ध औषध उपलब्ध नाही. स्टेरॉइडे निरुपयोगी ठरली आहेत. फुप्फुसे धुण्यानेही फारसा लाभ होत नाही. उंदरांवरील प्रयोगांत आहारातील फॉस्फेट कमी केल्याने परिणाम दिसला आहे. अंतिम अवस्थेत फुप्फुसरोपण हाच प्रभावी मार्ग उरतो. धूम्रपान व चुलीचा धूर टाळणे आणि प्राणवायूच्या पातळीवर लक्ष ठेवणे हे त्याआधीचे उपाय होत.

जाणकार डॉक्टराला सर्वांत उपयोगी पडणारे साधन पुष्कळदा रुग्णाच्या घरीच असते. या भागातील कुटुंबे जुन्या एक्स-रे फिल्म कपाटावर किंवा गादीखाली जपून ठेवतात. आता मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्रावरून मत दिले जाते, पण त्यात बारीक कण एकमेकांत मिसळून केवळ धुरकट पांढरेपणा उरतो व चुनखडीची धार नाहीशी होते. पाच-सात वर्षांपूर्वीची मूळ फिल्म मागवून आजच्या फिल्मशेजारी उजेडाच्या पेटीवर लावली आणि दोन्हींत तेच कण जवळजवळ तसेच दिसले, तर उपचाराविना इतकी वर्षे स्थिर राहिलेला हा रोग मिलिअरी क्षय असू शकत नाही.